इझाबेल ब्रिग्ज मायर्स

इझाबेल ब्रिग्ज मायर्स (जन्म : १८ ऑक्टोबर १८९७, वॉशिंग्टन डी.सी.; मृत्यू : ५ मे १९८०) या अमेरिकन लेखिका आणि व्यक्तिमत्त्वमापनाच्या क्षेत्रातील स्वतंत्र अभ्यासक होत्या. आई कॅथरिन कुक ब्रिग्ज यांच्यासह त्यांनी तयार केलेली ‘मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर’ ही प्रश्नावली ‘एमबीटीआय’ या आद्याक्षरांनी जगभर ओळखली जाते. मानसशास्त्राची पदवी नसताना, कोणत्याही विद्यापीठात पद नसताना त्यांनी जवळजवळ चार दशके हे काम केले. त्यांच्या संशोधनाचा फार मोठा भाग वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी व परिचारिका-विद्यार्थिनी यांच्यावर आधारलेला आहे. रुग्णालयांत आणि दवाखान्यांत एकत्र काम करणाऱ्या माणसांचा मेळ बसावा यासाठी स्वभावप्रकारांचा जो उपयोग आज केला जातो, त्याचे मूळ या अभ्यासात सापडते. या प्रश्नावलीची लोकप्रियता अफाट असली, तरी तिच्या शास्त्रीय आधाराविषयी मानसशास्त्रज्ञांमध्ये तीव्र मतभेद आहेत.

बालपण व शिक्षण

इझाबेल यांचे वडील लायमन जेम्स ब्रिग्ज हे भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचे संचालक झाले आणि १९३९ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेमलेल्या युरेनियमविषयक समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. आई कॅथरिन या पदवीधर होत्या. त्या काळी उच्चशिक्षित स्त्रीलाही घराबाहेर कामाची संधी क्वचितच मिळे. कॅथरिन यांनी आपली सारी बुद्धी मुलीच्या संगोपनात ओतली. ब्रिग्ज दांपत्याचा एक मुलगा अल्पवयातच दगावला होता. त्यामुळे इझाबेल एकुलत्या एक म्हणून वाढल्या. त्यांचे शालेय वयातील बहुतांश शिक्षण घरीच झाले. मुलांच्या वाढीविषयीची आपली निरीक्षणे कॅथरिन नियतकालिकांतून लिहीत असत.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्वार्थमोर महाविद्यालयात इझाबेल यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१९ मध्ये उच्च गुणवत्तेसह पदवी मिळवली. तत्पूर्वी, १९१८ मध्ये, त्यांचा विवाह क्लॅरेन्स मायर्स यांच्याशी झाला. क्लॅरेन्स पुढे वकील झाले. या दांपत्याने स्वार्थमोर येथेच संसार थाटला. त्यांना पीटर व ॲन ही दोन अपत्ये झाली.

युंग यांच्या विचारांचा प्रभाव

या साऱ्या कार्याचा उगम एका कौटुंबिक कुतूहलात आहे. क्लॅरेन्स हे व्यवहारी, तपशिलात रमणारे आणि तर्कनिष्ठ होते. ब्रिग्ज कुटुंब कल्पनाशील आणि भावनाप्रधान होते. जावई चांगला आहे, पण तो आपल्यासारखा विचार करत नाही, हे कॅथरिन यांच्या ध्यानात आले आणि माणसामाणसांतील हा फरक समजून घेण्याचा ध्यास त्यांनी घेतला. थोरामोठ्यांची चरित्रे वाचून त्यांनी स्वभावांचे वर्गीकरण मांडण्यास प्रारंभ केला. स्विस मनोविश्लेषक कार्ल गुस्टाव्ह युंग यांचा व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथ १९२१ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला होता. १९२३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर कॅथरिन यांच्या हाती आले. आपण शोधत होतो ते युंग यांनी अधिक समर्थपणे मांडले आहे, असे त्यांना वाटले. स्वतःचे वर्गीकरण बाजूला ठेवून त्या युंग यांच्या अभ्यासाकडे वळल्या आणि १९२६ मध्ये त्यांनी ‘द न्यू रिपब्लिक’ या नियतकालिकात हे विचार सर्वसामान्य वाचकांपुढे मांडले.

इझाबेल यांचा या काळातील ओढा मात्र ललित लेखनाकडे होता. ‘मर्डर येट टू कम’ या त्यांच्या रहस्यकादंबरीला एका मासिकाच्या स्पर्धेत साडेसात हजार डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यांची दुसरी कादंबरी ‘गिव्ह मी डेथ’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. या कादंबरीचे कथानक वंशभेदाच्या कल्पनेवर उभे आहे. माणसामाणसांतील भिन्नतेचा आदर शिकवणाऱ्या लेखिकेने असे पुस्तक लिहावे, या विसंगतीकडे नंतरच्या चरित्रकारांनी आणि समीक्षकांनी लक्ष वेधले आहे.

प्रश्नावलीची निर्मिती

दुसऱ्या महायुद्धात लक्षावधी लोक, विशेषतः स्त्रिया, प्रथमच कारखान्यांत व कचेऱ्यांत काम करू लागल्या. १९४२ मध्ये ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये कामगारांच्या स्वभावमापनाविषयी आलेला एक लेख इझाबेल यांच्या वाचनात आला. प्रत्येकाला आपल्या प्रकृतीशी जुळणारे काम मिळाले आणि सहकाऱ्यांचा स्वभाव समजला, तर संघर्ष कमी होतील, असा त्यांचा विश्वास होता. त्यासाठी युंग यांच्या गहन सिद्धान्ताला सामान्य माणूस हाताळू शकेल असे रूप द्यावे, असे त्यांनी ठरवले. त्या वेळी त्यांचे वय ४४ होते.

चाचणी कशी रचतात, गुणांकन कसे करतात, संख्याशास्त्र कसे वापरतात, यांपैकी काहीच त्यांना अवगत नव्हते. फिलाडेल्फियातील एका बँकेचे कर्मचारी-विभाग प्रमुख एडवर्ड हे यांच्याकडे त्यांनी ही विद्या शिकून घेतली. ज्यांचे स्वभाव आपल्याला पूर्ण परिचित आहेत अशा आप्तस्वकीयांवर त्यांनी पहिले प्रश्न पारखून पाहिले. पुढे शाळकरी विद्यार्थ्यांकडून उत्तरे भरून घेतली. जे प्रश्न दोन स्वभावांतील फरक दाखवत नसत, ते त्या निष्ठुरपणे गाळत. १९४३ मध्ये प्रश्नावलीच्या पहिल्या आवृत्तीचा स्वामित्वहक्क नोंदवला गेला.

प्रश्नावलीचे स्वरूप

प्रश्नावलीतील बहुतेक प्रश्न दोन पर्यायांचे असतात आणि दोन्ही पर्याय सारखेच चांगले वाटतील अशी त्यांची रचना असते. उत्तरांवरून व्यक्तीचा कल चार जोड्यांमध्ये ठरवला जातो.

१. बहिर्मुखता व अंतर्मुखता : मनाला उभारी माणसांच्या सहवासातून मिळते की एकांतातून.
२. संवेदन व अंतःप्रज्ञा : लक्ष प्रथम प्रत्यक्ष तपशिलाकडे जाते की त्यामागील अर्थाकडे व शक्यतांकडे.
३. विचार व भावना : निर्णय तर्काच्या कसोटीवर घेतला जातो की माणसांवर होणाऱ्या परिणामांच्या विचाराने.
४. निर्णयशीलता व ग्रहणशीलता : कामाची आखणी आधीच पक्की हवी असते की प्रसंगानुरूप बदलण्याची मोकळीक.

पहिल्या तीन जोड्या युंग यांच्या ग्रंथातून आलेल्या आहेत. चौथी जोडी युंग यांच्या विवेचनात सूचित होती. तिला स्वतंत्र स्थान ब्रिग्ज-मायर्स मायलेकींनी दिले. चार जोड्यांच्या संयोगातून १६ प्रकार तयार होतात. इझाबेल यांनी स्वतःची गणना अंतर्मुख, अंतःप्रज्ञ, भावनाप्रधान व ग्रहणशील या प्रकारात केली होती. पती क्लॅरेन्स यांचा प्रकार अंतर्मुखता वगळता प्रत्येक बाबतीत त्यांच्या विरुद्ध होता.

इझाबेल यांच्या मते यांपैकी कोणताही प्रकार श्रेष्ठ वा कनिष्ठ नाही. तसेच, कल म्हणजे कौशल्य नव्हे. उजव्या हाताने लिहिणारा माणूस डाव्या हाताचाही वापर करतो, तसेच प्रत्येक माणसात दोन्ही प्रवृत्ती असतात. त्यांतील एक अधिक सहज असते इतकेच.

वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास

आपल्या प्रश्नावलीला भक्कम आधार हवा असेल, तर दीर्घकाळ मागोवा घेता येईल असा मोठा समूह हवा, हे इझाबेल यांनी जाणले. वडिलांच्या मदतीने त्यांनी वॉशिंग्टन येथील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांची संमती मिळवली आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. तेथून सुरू झालेले हे काम ४५ वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत पोहोचले आणि विद्यार्थ्यांची संख्या ५,३५५ वर गेली. त्याच्या जोडीला सुमारे १० हजार परिचारिका-विद्यार्थिनींची माहितीही गोळा झाली. या प्रचंड सामग्रीचे कोष्टकीकरण इझाबेल यांनी बव्हंशी घरी बसून केले. त्या काळात संगणक सहज उपलब्ध नव्हते.

वैद्यकीय क्षेत्राची निवड अर्थपूर्ण होती. प्रवेशपरीक्षांतून विद्यार्थ्याचे ज्ञान कळते. पण तो रुग्णाचे बोलणे कसे ऐकेल, किंवा शस्त्रक्रियागृहात सहकाऱ्यांशी कसा वागेल, हे त्यांतून कळत नाही. दुसरे असे की, वैद्यक हा एकच व्यवसाय दिसत असला तरी त्याच्या शाखांचे स्वरूप परस्परांहून फार वेगळे आहे. शल्यचिकित्सकाचा दिवस आणि मनोविकारतज्ज्ञाचा दिवस यांत साम्य थोडेच. त्यामुळे वेगवेगळ्या स्वभावांची माणसे एकाच पदवीनंतर कोणकोणत्या दिशांनी जातात, हे येथे तपासता येणार होते.

सुमारे १२ वर्षांनी इझाबेल यांनी या डॉक्टरांनी कोणत्या शाखा स्वीकारल्या याचा शोध घेतला. विद्यार्थ्यांमध्ये सोळाही प्रकार आढळले होते; म्हणजे डॉक्टर होण्यासाठी एकच विशिष्ट स्वभाव लागतो असे दिसले नाही. शाखांच्या निवडीत मात्र काही कल दिसून आले. संवेदनाकडे झुकणारे डॉक्टर सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसायाकडे तुलनेने अधिक वळले, तर अंतःप्रज्ञेकडे झुकणारे संशोधन आणि मनोविकारशास्त्र अशा शाखांकडे. हे कल समूहाविषयी होते. एखाद्या विद्यार्थ्याने कोणती शाखा घ्यावी हे सांगण्यास ते पुरेसे नव्हते.

पुढे फ्लॉरिडा विद्यापीठातील चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ मेरी मॅककॉली यांनी या सामग्रीचा अभ्यास चालू ठेवला आणि आरोग्यव्यवसायांतील शिक्षण, मार्गदर्शन व सहकार्य यांच्याशी तिचा संबंध जोडला.

मान्यता आणि उपेक्षा

१९५७ मध्ये प्रिन्स्टन येथील ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’ या ख्यातनाम परीक्षा-संस्थेचे अध्यक्ष हेन्री चॉन्सी यांनी या प्रश्नावलीत रस घेतला. इझाबेल यांना प्रथमच मोठ्या संस्थेचे पाठबळ मिळाले. १९६२ मध्ये संस्थेने प्रश्नावली आणि तिची मार्गदर्शिका केवळ संशोधनाच्या उपयोगासाठी प्रसिद्ध केली. परंतु संस्थेतील अनेक मानसशास्त्रज्ञांना हे काम पटत नव्हते. माणसांचे गुण सलग मापनपट्टीवर पसरलेले असतात, त्यांचे दोन स्वतंत्र गट पडत नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. औपचारिक प्रशिक्षण नसलेल्या गृहिणीने ही चाचणी रचली, हेही काहींना खुपत होते. अखेर संस्थेचा यातील रस संपला.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस मॅककॉली यांच्याशी झालेल्या परिचयाने या कामाला नवे बळ मिळाले. दोघींच्या प्रयत्नांतून गेन्सव्हिल येथे व्यक्तिमत्त्वप्रकारांच्या उपयोजनाचे केंद्र आकाराला आले. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘कन्सल्टिंग सायकॉलॉजिस्ट्स प्रेस’ या संस्थेने प्रकाशनाचे हक्क घेतले आणि त्यानंतर प्रश्नावलीचा प्रसार वेगाने झाला.

अखेरची वर्षे

कॅथरिन यांचे १९६८ मध्ये निधन झाले. १९७२ मध्ये कन्या ॲन यांच्या मृत्यूचा आघात इझाबेल यांना सोसावा लागला. स्वतःला कर्करोगाने ग्रासलेले असतानाही आयुष्यभराच्या कामाचे सार सांगणारा ग्रंथ पूर्ण करण्यात त्या गुंतल्या होत्या. पुत्र पीटर यांच्या साहाय्याने सिद्ध झालेला ‘गिफ्ट्स डिफरिंग’ हा ग्रंथ १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ५ मे रोजी इझाबेल यांचे निधन झाले. त्यांच्या प्रश्नावलीला पुढे लाभलेला जागतिक व्यापार त्यांना पाहायला मिळाला नाही.

वैद्यकीय पथकातील उपयोग

दवाखाना हे एकट्या डॉक्टरचे काम नसते. स्वागतकक्षातील कर्मचारी, परिचारिका, औषध देणारा, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि डॉक्टर यांच्या हातांतून रुग्ण जातो. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना निरोप अर्धवट राहिला, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. अशा पथकांसाठी घेतल्या जाणाऱ्या कार्यशाळांत मायर्स यांच्या प्रकारांचा पुढीलप्रमाणे वापर होतो : प्रत्येक सदस्य स्वेच्छेने प्रश्नावली भरतो; निष्कर्ष प्रथम त्यालाच सांगितला जातो; तो त्याला पटतो का, हे विचारले जाते; आणि त्याची संमती असेल तरच तो सहकाऱ्यांपुढे मांडला जातो. त्यानंतर कामातील नेहमीच्या घर्षणांविषयी चर्चा होते.

उदाहरणार्थ, भेटींच्या वेळा काटेकोर पाळू इच्छिणारा कर्मचारी आणि मध्येच आलेल्या रुग्णाला सामावून घेऊ पाहणारा डॉक्टर यांच्यात रोज खटके उडत असतील, तर ते एकमेकांना अनुक्रमे हटवादी आणि बेशिस्त ठरवतात. हा फरक आखणीविषयीच्या भिन्न कलांमधून येतो असे कळले, तर दोघांना तोडगा काढणे सोपे जाते. जसे की, तातडीच्या रुग्णांसाठी दिवसातील काही वेळ आधीच राखून ठेवणे. बैठकीत गप्प बसणारी परिचारिका उदासीन नसून विचार करण्यास अवधी मागत असेल. तिला बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवले, तर तिचे निरीक्षण पथकाला मिळू शकते. अशा चर्चेचे खरे फळ म्हणजे दोषारोपाच्या भाषेची जागा फरकाच्या भाषेने घेणे.

नोकरीसाठी उमेदवार निवडणे, बढती देणे वा नाकारणे यांसाठी ही प्रश्नावली वापरू नये, असा संकेत तिचे पुरस्कर्तेही पाळतात. ती क्षमता मोजत नाही आणि मानसिक विकाराचे निदानही करत नाही.

टीका

व्यक्तिमत्त्वाचे १६ कप्पे पाडण्याच्या कल्पनेला संशोधनाचा पुरेसा आधार नाही, हा प्रमुख आक्षेप आहे. बहुसंख्य माणसांचे गुण मापनपट्टीच्या मध्याजवळ असतात. मध्याच्या थोडे अलीकडे आणि थोडे पलीकडे असलेल्या दोन व्यक्ती जवळजवळ सारख्या असूनही त्यांना विरुद्ध प्रकार मिळतात. याच कारणाने काही आठवड्यांनी पुन्हा प्रश्नावली भरल्यास अनेकांचा प्रकार बदलतो. १९८९ मध्ये रॉबर्ट मॅक्रे व पॉल कोस्टा यांनी ही प्रश्नावली व्यक्तिमत्त्वाच्या पंचघटक सिद्धान्ताशी ताडून पाहिली. तिच्या चार मापनपट्ट्या पाचपैकी चार घटकांशी निगडित असल्या, तरी स्वतंत्र प्रकारांचा पुरावा त्यांना आढळला नाही. भावनिक अस्थैर्य हा पाचवा घटक तर तीत मोजलाच जात नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनेही व्यवसायमार्गदर्शनासाठी तिचा वापर करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला.

विचार-भावना या जोडीसाठी जुन्या आवृत्त्यांत स्त्री व पुरुष यांचे गुणांकन वेगवेगळे होते. १९९८ च्या आवृत्तीत हा भेद काढून टाकण्यात आला.

वैद्यकीय पथकांपुरते पाहिल्यास आणखी एक मुद्दा महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेली शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची कुणाचाही स्वभाव विचारत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी प्रत्येकाने आपले नाव व भूमिका सांगावी, रुग्णाची ओळख व शस्त्रक्रियेची जागा सर्वांनी मिळून पडताळावी, अशी तिची रीत आहे. बुजऱ्या सदस्यालाही बोलण्याची हक्काची वेळ या सूचीने मिळते. त्यामुळे स्वभावाची चर्चा ही अशा शिस्तीला पूरक ठरू शकते. तिची जागा घेऊ शकत नाही.

भारतीय संदर्भ

माणसांचे प्रकृतीनुसार वर्गीकरण भारतीयांना नवे नाही. आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांच्या प्राधान्यावरून प्रकृती सांगितल्या आहेत आणि त्यांत शरीराबरोबर स्वभावाचाही विचार आहे. मात्र प्रकृतिविचार हा वैद्याने रुग्णाचे परीक्षण करण्यासाठी आहे, तर मायर्स यांची प्रश्नावली निरोगी माणसाने स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर अवलंबून आहे. युंग यांनी १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारताचा प्रवास केला होता आणि भारतीय विचारपरंपरेविषयी त्यांना विशेष आस्था होती.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय पदवी अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. आरोग्यपथकाचा नेता व सदस्य ही त्यांपैकी एक, तर संवादक ही दुसरी आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांतही हाच अभ्यासक्रम शिकवला जातो. नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या भागांत, जेथे लहान दवाखाने व रुग्णालये मोजक्या कर्मचाऱ्यांच्या बळावर चालतात, तेथे पथकातील सलोख्याचा प्रश्न रोजचाच असतो. मायर्स यांचे सोळा प्रकार मान्य केले वा न केले, तरी वेगळ्या स्वभावाचा सहकारी म्हणजे सदोष सहकारी नव्हे, हा त्यांच्या कार्याचा गाभा अशा ठिकाणी उपयोगी पडतो.

प्रकाशित साहित्य

मर्डर येट टू कम (कादंबरी, १९३०)
गिव्ह मी डेथ (कादंबरी, १९३४)
मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर : मार्गदर्शिका (१९६२)
गिफ्ट्स डिफरिंग (पीटर मायर्स यांच्यासह, १९८०)